तिसऱ्या अंकातलं गेट

"मॅडम, ड्रायर जरा वर धरा न जी. खाली माहा विग आहे," एक हवालदार मला म्हणाला. तेव्हा मी सिंहासनावर उभी होते.

सिंहासन प्लायवूडचं होतं आणि हवालदार नाटकातला. हेअर ड्रायर तेवढा खरा, नाटक कंपनीच्या मेकअपवाल्याचा. आणि समोरचं लोखंडी चॅनल गेट तर शंभर टक्के खरं, कारण ते मीच बसवलेलं. शिडी कोणाकडे नव्हती म्हणून टेम्पोतलं सिंहासन उतरवलं होतं. मी त्याच्यावर चढून गेटच्या वरच्या पट्टीला गरम हवा देत होते, आणि मनातल्या मनात कवडू भाऊंचा उद्धार करत होते.

मी मेश्राम. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, चंद्रपूरच्या एका सिक्युरिटी कंपनीत सर्व्हिस इंजिनियर. कुठल्या जागेला कुठलं गेट, कुठलं कुलूप, हे ठरवायचं, बसवायचं आणि नंतर सांभाळायचं, हे माझं काम. दोन जिल्ह्यांत लोक मला गेटवाली बाई म्हणतात. मला राग येत नाही, बिल वेळेवर पास करा म्हणजे झालं.

कवडू भाऊ आमचे वडशाचे क्लायंट. त्यांनी बंद पडलेल्या राईस मिलमध्ये भिंती घालून खोल्या केल्या आणि सेल्फ स्टोरेज काढलं. म्हणजे खोली भाड्यानं घ्या, सामान ठेवा, कुलूप लावा, किल्ली घरी न्या. मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाऊ, वडशात हे घेणार कोण?" ते म्हणाले, "राजे-महाराजे घेते न जी." मला वाटलं माणूस फिरला. पण खरंच तसं झालं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. वडशात अशा नाटक कंपन्यांचा बाजारच आहे. सीझन संपला की त्यांचे पडदे, तलवारी, तुळशीवृंदावनं आणि जेलचे गज ठेवायचे कुठे? कवडू भाऊंकडे.

तिथं मी दोन अडथळे ठेवले होते. खोल्यांकडे जाणाऱ्या बोळीच्या तोंडाशी चॅनल गेट, बाजूला सरकवलं की घडी होणारं. आत प्रत्येक खोलीला शटर आणि शटरला डिस्क लॉक. हे कुलूप पुरणपोळीसारखं गोल असतं आणि त्याची कडी त्याच्या पोटात लपलेली असते. साध्या कुलपाची कडी कटरनं कापता येते, याची दिसतच नाही. एवढं सगळं करून मी एकच गोष्ट बजावली होती: तेल टाकायचं नाही. मिलचा कोंडा अजून तिथल्या फटीफटीत आहे. तेल आणि कोंडा एकत्र आले की लांबी होते, खिडकीच्या काचेला लावतात तीच. कुलपाला ग्राफाइट टाकायचं, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची भुकटी.

कवडू भाऊंना भुकटी पटली नाही. "एवढं महाग कुलूप अन् त्याले पेन्सिल चारू का?" असं म्हणून त्यांनी दसऱ्याला गेटपासून शेवटच्या खोलीपर्यंत सगळ्या लोखंडाला घरचं टोरीचं तेल पाजलं. टोरी म्हणजे मोहाची बी. तेल चांगलं, अंगाला लावा, दिव्यात घाला. फक्त थंडी पडली की ते तुपासारखं थिजतं. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि आख्खं स्टोरेज थिजलं.

तोवर कोणाला पत्ता नव्हता, कारण कोणी आलंच नव्हतं. पहिली आली ती लीलाधर भाऊंची कंपनी. लीलाधर भाऊ म्हणजे कंपनीचे मॅनेजर. चामोर्शीच्या पुढच्या एका गावात मंडईचा खेळ, दुपारी टेम्पो निघायला हवा आणि जेलचं गेट नऊ नंबरच्या खोलीत. मी नेमकी जवळच आरमोरीला एका कामावर होते म्हणून सापडले.

"दुसरं काही नाई नेलं तरी चालन मॅडम," लीलाधर भाऊ म्हणाले. "पण गेट पाह्यजेच. हिरो तिसऱ्या अंकात गेट तोडते. त्याच्याचसाठी लोक रातभर, पार पहाटलोक बसते."

हिरो माझ्या शेजारीच उभा होता, मोरेश्वर भाऊ. केसांना कलप, अंगात कैद्याचे कपडे, चेहऱ्यावर परीक्षेला निघाल्यासारखा भाव. मघाशी विग सांभाळायला सांगणारा हवालदार हळूच मला म्हणाला, "दहा-अकरा वर्षं झाले मॅडम, याच नाटकात हा जेलचा शिपाई होता. हिरो गेट तोडे, अन् हा बाजूले पडे. आता जुना हिरो दुसऱ्या कंपनीत गेला. आज याचा पह्यला खेळ, अन् तो बी याच्याच गावात."

"माय येणार आहे पाहाले," मोरेश्वर भाऊंनी ते ऐकलं होतं. "दरसाली इचारते, तू काऊन दुसऱ्यालेच सोडतं रे, तुले कोणी सोडत नाई का? आज गेट नाई तुटलं न मॅडम, तर मी पुन्हा शिपाईच."

मी ड्रायरचा स्पीड वाढवला.

चॅनल गेट अर्ध्या तासात मऊ झालं आणि कुरकुरत सरकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही नऊ नंबरकडे गेलो. डिस्क लॉकमध्ये किल्ली अर्धीच जात होती. तेल वितळलं तरी कोंडा वितळत नाही ना! आत लांबीचा बूच बसला होता. रॉकेलनं धुवत, कोरत, पुन्हा धुवत बसलं तर संध्याकाळ झाली असती.

"कापून टाका," लीलाधर भाऊ म्हणाले.

"कापता येऊ नये म्हणूनच हे कुलूप घेतलंय."

"मंग शटर कापा."

"ग्राइंडर लावला तर ठिणग्या उडतील. मागं तुमचे पडदे आहेत."

"मंग बाजूचे स्क्रू खोला."

"ते आतून आहेत."

"आतून कोणी बसवले?"

"मी."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच नाटकातला खलनायक सरपंच आहे. मी स्वतःवरच चिडले होते. जो रस्ता सुचायचा तो आधीच बंद केलेला, आणि बंद करणारी मीच. एरवी मला या कामाचा फार अभिमान वाटतो.

तेवढ्यात मोरेश्वर भाऊ वळून चॅनल गेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हे निघते का?"

गेट चौकटीसकट बोल्टांवर होतं आणि बोल्ट आतल्या बाजूनं. आता आम्ही आतच होतो.

"निघतं," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

"काऊन काढता जी माहा गेट?" इतका वेळ मागं उभे असलेले कवडू भाऊ ओरडले. "लोकायचं सामान आहे इथी! रात्रभर बोळी उघडी ठेवू का मी?"

लीलाधर भाऊंनी टेम्पोतून जंगलाचा पडदा काढून बोळीच्या तोंडाशी टांगला. त्यावर एक वाघ रंगवलेला होता, त्याचा एक डोळा मिटत आलेला. कवडू भाऊंना तो पटला नाही. शेवटी त्यांच्या सौ. शेजारच्या घरातून खाट घेऊन आल्या, पडद्यासमोर टाकली आणि त्यावर बसल्या. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "तेल कोणी टाकलं होतं ते मले माहीत आहे." भाऊंनी मग एकच अट घातली, गेटसोबत स्वतः येणार. लीलाधर भाऊंनी त्यांना तिथंच शिपायाची टोपी घातली, कारण ती जागा रिकामीच झाली होती.

आम्ही चामोर्शी ओलांडत होतो तेव्हा नागपूरहून आमच्या साहेबांचा फोन आला.

"मेश्राम, वडशाचं गेट उघडलं का?"

"उघडलं सर."

"गुड. आता कसं चालतंय?"

"पन्नासच्या स्पीडनं चालतंय सर. टेम्पोत आहे."

"व्हॉट? गेट कुठे चाललंय?"

"नाटकात सर. तिसऱ्या अंकात लागतं."

मग साहेब म्हणाले, "क्लायंटची लेखी परवानगी घेतली?"

"क्लायंट सोबतच आहेत सर. शिपायाचं काम करतायत."

त्यांनी फोन ठेवला. मी पण ठेवला.

आयुष्यभर मी न उघडणारी गेटं बसवली. त्या दिवशी पहिल्यांदा मला एका माणसाच्या धक्क्यानं उघडेल असं गेट बसवायचं होतं, आणि खरं सांगते, ते जास्त अवघड असतं. प्लायवूडचं गेट धाडकन पडतं. हे लोखंडाचं, पडलं तर हिरोसकट शिपाईही गेला. म्हणून चौकट स्टेजच्या बल्ल्यांना दोरांनी आवळली. कुलपाच्या जागी बारीक तार पिळली. मोरेश्वर भाऊंना सांगितलं, "खांद्यानं धडक मारा, तार तुटेल. मग दोन्ही हातांनी गेट बाजूला सरकवा. बस." त्यांनी चारदा करून पाहिलं. चारही वेळा गेट सुरळीत सरकलं. संध्याकाळच होती आणि टेम्पोत खाल्लेल्या उन्हाची ऊब अजून लोखंडात होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

तिसरा अंक लागला तेव्हा उजाडायला आलं होतं. तोंडातून वाफ निघत होती. लोक घोंगड्या-ब्लँकेटांत गुरफटून बसलेले, पण एक माणूस हललेला नाही. पुढच्याच रांगेत मोरेश्वर भाऊंची माय, स्वेटरवर लुगड्याचा पदर घट्ट गुंडाळून.

नाटकात निरोप आला की आई मरणाला टेकलीय. मोरेश्वर भाऊंनी डायलॉग टाकला, धडक मारली, तार तुटली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्यांनी गेट ओढलं, आणि गेट तसूभर हललं नाही.

टोरीचं तेल! ते पुन्हा थिजलं होतं.

त्यांनी पुन्हा ओढलं. मग पुन्हा धडक दिली. चौकट करकरली. शिपाई कवडू भाऊ आपला पार्ट विसरून ओरडले, "हळू न बे, खरं आहे ते!" लोकांना वाटलं डायलॉगच आहे, ते हसले. हसू आलं की संपलंच. मी मेकअपवाल्याचा ड्रायर हिसकावला, विंगमधल्या बोर्डात पिन खुपसली आणि पडद्याआडून गेटच्या वरच्या पट्टीवर धरला. "मोरेश्वर भाऊ," मी दबक्या आवाजात म्हटलं, "बोलत राहा. काहीही बोला. वितळेपर्यंत बोला!"

पण डायलॉग संपले होते. त्यांनी गज धरले आणि एकदम आपल्याच बोलीत सुरू झाले.

"दहा-अकरा सालं झाले, मी याच गेटापाशी उभा आहो! जो आला त्याच्यासाठी गेट सोडलं. जो आला तो मले ढकलून गेला. लोकायनं त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी खाली पडून आयकल्या!"

मंडपात जनरेटरची घरघर आणि माझा ड्रायर, एवढाच आवाज. ही नाटकातली ओळ नाही हे गावाला कळलं होतं. त्यांचाच माणूस होता ना तो!

आता एक गोष्ट सांगायला हवी. स्टेजवर गेट होतं, पण गेटच्या बाजूला भिंत नव्हती. दोन्हीकडे मोकळं. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणालाच दिसत नव्हतं. माय मात्र माय असते. ती उठून उभी राहिली आणि पोटतिडकीनं ओरडली, "बाजूनं ये न रे बापू! बाजूनं रस्ता आहे!"

मी डोळे मिटले. गेलं नाटक, गेला मोरेश्वर, वडशाचं कॉन्ट्रॅक्टही गेलं.

"नाई माय!" मोरेश्वर भाऊ म्हणाले. आवाज फाटला होता. "बाजूनं चोर जाते! तुहा पोरगा आज समोरून येते!"

आणि त्यांनी ओढलं. वरची पट्टी ऊन झाली होती. गेट खडखडत शेवटपर्यंत सरकलं. सारा मंडप उठला, पहाटेच्या थंडीत पागोटी-टोप्या उडाल्या. कवडू भाऊ आडवे पडायचे विसरले आणि गेट शाबूत आहे का ते चाचपत राहिले. माय पुढे येऊन स्टेजच्या फळीला हात लावून उभी होती. मला रडू येत होतं, पण ड्रायर बंद करायचं सुचत नव्हतं, त्यामुळे बाजूला उभ्या सरपंचाची मिशी सुटून उडाली.

सकाळी वडशाला परतलो. बोळीतून चिमूटभर काही गेलं नव्हतं. पडदा, वाघ आणि खाट जागच्या जागी, आणि खाटेवर सौ. घोरत होत्या. दिवसभर रॉकेलनं धुवून नऊ नंबरचं कुलूप उघडलं, आतून प्लायवूडचं गेट निघालं. ते कोणी उचललंही नाही.

कुलपांबद्दल शिकायचं एवढंच: तेल टाकू नका. आणि गेटबद्दल, ते लोखंडानं कमी आणि बाजूनं न जाणाऱ्या माणसांमुळे जास्त टिकतं. हे दुसरं मी साहेबांना रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.

कवडू भाऊ आता ग्राफाइट वापरतात. टोरीच्या तेलाची एक बाटली मात्र त्यांनी नाटक कंपनीला कायमची देऊन टाकली. कारण लीलाधर भाऊंनी आमच्याकडून नवं लोखंडी गेट बनवून घेतलं, आणि माझ्या नोकरीतली सर्वांत विचित्र ऑर्डर मी स्वतःच्या कानांनी घेतली.

"मॅडम, गेट जाम झालं पाह्यजे. पण माय उठून उभी राहेलोकच."