दाऊदचाचा आणि काडतुसाच्या प्रेसची एक स्प्रिंग

माझ्यामुळे एका माणसाचा हात गेला असता.

तो वाचवला दाऊदचाचांनी. चाचा काल सकाळी राजापूरला, आपल्या घरी वारले. नातवाचा फोन आला होता.

ऐंशी-ब्याऐंशीचा काळ. बहारीन. मी चोवीस वर्षांचा, दहावी नापास, कुठेच न टिकणारा. चाचा मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपचे हेड फिटर.

आमच्या एजन्सीकडे एका अमेरिकन कंपनीच्या प्रेसची वॉरंटी सर्व्हिस होती. प्रेस म्हणजे काडतुसं परत भरायचं मशीन. नेमबाजीचे शौकीन झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायचे आणि घरी बसून त्यात नवी दारू, नवी गोळी भरायचे.

हँडल ओढलं की पुंगळ्या बसवलेली खालची चकती एक घर पुढे सरकते. नाही सरकली तर त्याच पुंगळीत दारू दोनदा पडते.

आणि तसलं काडतूस बंदुकीत फुटतं. हातातच.

चाचांची एक पद्धत होती. प्रेस खोलली की निघालेला प्रत्येक पार्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवायचा. एका खळग्यात एक. जोडताना उलटीकडून उचलत यायचं. ट्रे रिकामा झाला की प्रेस तयार.

"मॅन्युअल इंग्लिशमध्ये असतो," म्हणायचे, "ट्रे आपल्या भाषेत."

त्या गुरुवारी मी एकटाच बेंचवर होतो. बुदैया रोडवर एक इंग्रज इंजिनिअर राहायचे, त्यांची प्रेस. मी खजूर खात काम करत होतो. बिया कुठे टाकायच्या? टाकल्या ट्रेच्या खळग्यांत.

खजूर फार चांगला होता. त्यावरून आठवलं, जिदहफ्सला एक म्हातारा ओल्या फडक्याखाली खजूर ठेवून विकायचा, चव बघायला म्हणून चार-चार द्यायचा...

असो. भरकटलो. तेव्हाही असाच भरकटलो होतो.

प्रेस जोडली. ट्रेमध्ये फक्त बिया दिसल्या. प्रेस पोचवून आलो.

शुक्रवारी सुट्टी. राहायला मी वर्कशॉपच्या मागेच होतो. सकाळी आठला ट्रे झटकला. बियांबरोबर एक स्प्रिंग पडली. बोटाच्या पेराएवढी.

चकती सरकवणारी स्प्रिंग.

मी ती खिशात घातली.

हो, खिशात. माझा व्हिसा सहा महिन्यांच्या ट्रायलवर होता. चूक कळली तर मॅनेजर सरळ घरी पाठवणार. स्प्रिंग समुद्रात टाकली असती तर कुणालाही कळलं नसतं.

पिकअप घेऊन जिदहफ्सच्या बाजारात गेलो. चहा प्यायलो. पोपटांचे पिंजरे बघत उभा राहिलो. मग दुसरा चहा. हात सारखा खिशात.

साडेनऊला चाचांच्या खोलीचं दार वाजवलं. ते जुम्म्याच्या नमाजासाठी कपड्यांना इस्त्री करत होते.

स्प्रिंग पुढे केली. त्यांनी ती बघितली, इस्त्री बाजूला ठेवली.

"किती वाजले?"

"साडेनऊ."

"साहेब दहाला क्लबात नेम धरतो. यल्ला, चल."

गंजीफ्रॉकवरच गाडीत बसले. शर्ट रस्त्यात घातला.

गाडीत विचारलं, "कधी मिळाली?"

"आठला."

चाचा शर्टाची बटणं लावत समोरचा रस्ता बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

क्लबच्या फाटकावर कुणी अडवलं, चाचा थांबले नाहीत. दोन्ही हात वर करून सरळ आत. साहेब कानाला मफ लावून काडतुसांचा डबा उघडत होते.

"नो शूटिंग, सर. अवर मिस्टेक. खलास."

अवर म्हणाले. माझ्याकडे बोट केलं नाही.

डबे उचलून आम्ही साहेबांच्या बंगल्यावर गेलो. आदल्या संध्याकाळी भरलेलं एकूण एक काडतूस चाचांनी उघडलं. मी दारू मोजत होतो.

दोन निघाली. दुप्पट दारूची.

चाचांनी त्यातली एक पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. "धर जरा." मी धरून उभा. थोड्या वेळाने त्यांनीच ती काढून घेतली.

त्यांचा जुम्मा चुकला होता. त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

शनिवारी वॉरंटी कार्ड भरायचं होतं. ते कंपनीला अमेरिकेत जायचं, एक प्रत मॅनेजरकडे. मी म्हटलं, "चाचा, स्प्रिंग तुटली असं लिहू? वॉरंटीत बसेल."

"तुटली काय रे?"

"नाही."

"मग लिही. वर्कशॉपने बसवली नाही. खाली सही तुझी."

"मला घरी पाठवतील."

"पाठवतील तर जाशील. पण कंपनी हे सगळ्या वर्कशॉपांना कळवते. उद्या दुसऱ्या वर्कशॉपात कुणी असाच ट्रे झटकला, तर त्याला आधी वाचलेलं आठवू दे."

लिहिलं. पुढचा रकाना होता, दोष केव्हा आढळला. माझं पेन अडलं.

चाचा चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "तारीख मागितलीय. वेळ मागितली नाही."

मॅनेजरने मला बेंचवरून काढून ड्रायव्हिंगवर टाकलं. घरी मात्र पाठवलं नाही. साहेबांनी निरोप धाडला होता, स्प्रिंग जो विसरला त्यानेच येऊन बसवावी. गेलो. चाचा बाजूला स्टुलावर बसून खजूर खात होते, बिया स्वतःच्या खिशात टाकत.

पुढे मी मस्कत, दुबई, गोवा, कुठे कुठे फिरलो. अनेक नोकऱ्या सोडल्या. राजापूरला जाऊ जाऊ म्हणत राहिलो, गेलो नाही.

तो दीड तास चाचांनी कुणाला सांगितला नाही. मॅनेजरला नाही, साहेबांना नाही. काल नातवाला विचारलं, त्यालाही माहीत नव्हता.

तेव्हा मीच सांगतो. स्प्रिंग सकाळी आठला मिळाली. मी साडेनऊला सांगितलं. मधल्या वेळात एक माणूस गोळी झाडायला निघाला होता आणि मी पोपट बघत होतो.

चाचा, तुमच्यावरचं हे ओझं उतरवलं.

अल्ला तुम्हाला सुखात ठेवो.

तुमचा सुध्या