बटाट्याखालचा मासा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही ‘आजीच्या हातचा भाजलेला मासा’ कसा करायचा ते विचारलंत. तो माझ्या हातचा नव्हता. माझ्या नावावर तो कायमचा चिकटण्याआधी हे लिहून ठेवते.

गेल्या दिवाळीत तुम्ही सगळे ब्रह्मपुरीला आलात, तेव्हा तुमच्या आईने ओव्हन मांडला. तिकडे परदेशात, तुम्ही राहता तिथे, या पदार्थाला समुद्रातला, काटे काढून विकायला ठेवलेला पांढरा मासा घेतात. इथे मिळाला वैनगंगेचा रोहू. तिने त्याचे तुकडे ताटलीत रचले, वरून दूध-लोणी घालून कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर लिंपला आणि लालसर होईपर्यंत भाजलं. हळद नाही, मिरची नाही. आजाऱ्याच्या पथ्यालाही याहून चव असते.

रोहूचे काटे बारीक असतात. रश्शातला तुकडा आपण बोटांनी चाचपून, काटे वेचून खातो. इथे वर बटाट्याचा लगदा आणि हातात चमचे. सगळे घास तोंडात धरून जिभेने काटे शोधू लागले.

शेवटी तुमचे आजोबा म्हणाले, “सूनबाई, मासा झाकून काऊन ठेवला? आमाले लाजून राह्यला का?”

“बाबा, तिकडे सगळे असंच खातात.”

“खात असतीन. त्याईच्या माशाले काटेच नसतीन.”

तुम्ही नुसता वरचा बटाटा खाल्लात आणि त्यालाच मासा समजलात. त्याचं श्रेय मला नको. आमच्या घरी अजूनही जवसाच्या तेलातला, तिखट रश्शाचाच मासा होतो आणि तो आम्ही हातानेच खातो.