निर्मलामावशीचं जेवणाचं टेबल

बातमी इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. ‘पुरस्कारविजेत्या परिचारिका निर्मलाताई ढोके यांचं दुःखद निधन.’ खाली जोडलेले हात, मग आणखी जोडलेले हात, आणि त्यातच कुणीतरी रविवारच्या पिकनिकला प्लेट्स कोण आणणार हे विचारलेलं. मी तेव्हा आमच्या कामगार संघटनेच्या ऑफिसात पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. खरं सांगायचं तर आधी राग आला, रडू नंतर. उभं आयुष्य नर्सिंग केलेल्या बाईच्या नावाआधी लावायला आपल्याला एकच शब्द सुचावा, आणि तोही ‘पुरस्कारविजेत्या’? त्याला आता काही आठवडे झाले. त्या पुरस्काराचं नेमकं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. म्हणून हे लिहितेय.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. इलिनॉयमधल्या नेपरव्हिल आणि आजूबाजूच्या गावांतल्या यच्चयावत नागपूरकरांची ती मावशी. मी सोशल वर्क शिकायला इकडे आले, त्या वर्षी शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेऊन मंडळाने जयंती साजरी केली होती. मी दाराशी उभी राहून वृद्धाश्रमांत राबणाऱ्या कामगारांविषयीचं माझं पत्रक वाटत होते. लोक ते घेत होते, हसत होते आणि घडी करून खिशात टाकत होते. ही एकच बाई तिथेच थांबली, चष्मा लावला, सगळं वाचलं आणि पर्समधून पेन काढून त्यावर रेघा मारायला लागली. “काय लिहून राहिली पोरी? धिक्कार तीनदा आहे याच्यात. एक ठेव. बाकीचे पुढच्या वेळेला लागतील.” अंगावर जाड हिवाळी कोट, खाली कडक इस्त्रीची सुती साडी, पायात बर्फाचे बूट. तिला फोटो काढून घ्यायला आवडायचं, मधोमध उभं राहून. कुणी तिला साधी, निगर्वी वगैरे म्हणालं असेल श्रद्धांजलीच्या भाषणात, तर ते खोटं आहे. ती चांगलीच मानी होती आणि तिला ते शोभायचं.

गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ती स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांच्या मजल्याची इनचार्ज नर्स होती. तिने मला शनिवारची स्वयंसेवक म्हणून तिथे आत घेतलं. आधी तिथे जेवण कसं चालायचं ते मी तिच्याकडूनच ऐकलंय. म्हातारी माणसं खुर्च्यांत बसलेली, आणि असिस्टंट बायका, म्हणजे अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं ही कामं करणाऱ्या, उभ्या. एकेकीकडे दोन-दोन, तीन-तीन माणसं. एक चमचा इकडे, एक तिकडे, कुंड्यांना पाणी घालावं तसं. या बायकांनी स्वतः जेवायचं ते तळघरात, लाँड्रीच्या शेजारच्या खोलीत, कारण पेशंटसमोर खाणं नियमात बसत नव्हतं. मावशीने इनचार्ज झाल्यावर ते मोडलं. बायकांनी टेबलाला खुर्ची लावून बसायचं, म्हाताऱ्यांचंच जेवण आपल्या ताटात वाढून घ्यायचं, आणि पहिला घास आपण घ्यायचा, समोरच्याला दिसेल असा. मग भरवायचं. डायरेक्टरला हे पटवायला तिला किती दिवस लागले असतील देव… म्हणजे, देव तिला मान्य नव्हता, पण किती दिवस लागले कुणास ठाऊक.

वॉल्टर नावाचे एक आजोबा होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी खाणं जवळजवळ सोडलं होतं. चमचा जवळ आला की ओठ आवळून घ्यायचे. रोझा नावाची असिस्टंट त्यांच्याशेजारी बसायला लागली, मॅश्ड पोटॅटो खायला लागली, आणि तिला ते आवडत नसल्यामुळे मावशीच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं बरोबर घ्यायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव आजोबा लक्ष देऊन बघायचे. एके दिवशी त्यांनी तिच्या ताटाकडे बोट केलं. लोणचं त्यांना मिळालं नाही, बटाटे मात्र सगळे संपवले. मी मावशीला विचारलं की हे होतं कसं. ती म्हणाली, समोरचं माणूस खात नसेल तर यांना वाटतं आपल्याला औषध पाजून राहिले. खाताना दिसलं की जेवण वाटतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, हे तर सहभोजन आहे. आपल्या लोकांनी ज्याच्यासाठी मार खाल्ला ते तू इथे इलिनॉयमध्ये करून राहिलीस, आणि कुणाला सांगत का नाहीस? तिने आजूबाजूला पाहिलं. म्हणाली, इथे त्याला तसं म्हणायचं नाही, इथे त्याला क्लिनिकल म्हणावं लागतं, नाहीतर बंद करतात. मग औषधांची ट्रॉली ढकलत ढकलत, माझ्याकडे न बघता, जरा वेळाने तिने एवढंच सांगितलं, “नर्सिंगच्या होस्टेलमध्ये माझं ताट वेगळं ठेवायचे. तोंडाने कोणी काहीच म्हणत नव्हतं.”

आता पुरस्काराचं. आरोग्य आणि सामाजिक सेवेतली उत्कृष्ट कामं आणि नव्या कल्पना शोधून त्यांचा सत्कार करणाऱ्या संस्था इकडे पुष्कळ आहेत. अशाच एका संस्थेकडे वृद्धाश्रम चालवणाऱ्या कंपनीने मावशीच्या टेबलाची कल्पना पाठवून दिली. व्हिडिओ काढायला माणसं आली, वॉल्टर आजोबांना नवा स्वेटर घातला गेला, रोझाला दोनदा घास घ्यायला लावला कारण पहिल्यांदा उजेड बरोबर नव्हता. टेबल अंतिम यादीत आलं आणि मग पुरस्कारही ठरला. आणि त्याच सुमारास वरच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की या बायका पेशंटबरोबर जेवतातच आहेत, तर मग त्यांना जेवणाची वेगळी सुट्टी कशाला? सुट्टी बंद. सकाळपासून उभं राहून माणसं उचलणाऱ्या बाईला दिवसातून एकदा मिळणारा अर्धा तास, कुणी हाक मारणार नाही असा… तो गेला. एका माणसाला भरवत, दुसऱ्याचं तोंड पुसत, मध्येच आपले चार घास गिळणं ही म्हणे तिची विश्रांती. याला इनोव्हेशन म्हणतात.

रोझा आमच्या ऑफिसात आली तेव्हा ती कंपनीला कमी आणि मावशीला जास्त शिव्या देत होती. ढोकेबाईंना स्टेजवर जायचंय, त्यांच्या टेबलाने आमची सुट्टी खाल्ली, असं तिचं म्हणणं. आम्हाला ते टेबलच नको, आम्ही उभ्या राहून भरवू, पण आमचा अर्धा तास द्या. बाकीच्या असिस्टंट बायकाही तिच्याच बाजूला होत्या. जी गोष्ट मावशीने या बायकांना माणसात बसवायला काढली, तीच त्यांना नकोशी झाली होती. टेबल मोडायचं तर आता ते त्यांनीच मोडलं असतं.

मी त्याच संध्याकाळी मावशीच्या घरी गेले. ती पुरस्कारासाठीच्या साडीला इस्त्री करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि म्हटलं, नाकार तो पुरस्कार. स्टेजवर जा, माईक घे, सांग का नाकारतेस ते. भाषण मी लिहून आणलंय. फोनच्या स्पीकरवर तिचा मुलगा अनिकेत होता, दूर पश्चिम किनाऱ्याजवळ बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो म्हणाला, “मॉम, जस्ट टेक इट, यार. यू डिझर्व्ह इट.” तिने त्याला जेवून घे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

“काहून नाकारू?” ती म्हणाली.

“कारण तो पुरस्कार रोझाच्या सुट्टीवर उभा आहे.”

“मी नाकारला तर तुझी बातमी होईल. कंपनी म्हणेल, बाईलाच नको आहे, बंद करा ते टेबल. मग रोझाला काय भेटलं?”

“आणि घेतलास तर?”

“घेऊन पाहू.” तिने माझं भाषण वाचलं. पेन घेतलं नाही, म्हणजे प्रकरण दुरुस्तीच्या पलीकडचं असावं. “चांगलं आहे. पण याच्यात कोणालाच तोंड लपवायला जागा नाही ठेवली तू. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याला थोडी जागा ठेवायची असते पोरी.”

मी तिला विकली गेलेली बाई म्हणाले. ती साडी उलटी करून पदराला इस्त्री करत राहिली.

समारंभ हायवेजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. रोझा आणि आणखी दोघींना फोटोसाठी आणलं होतं, गणवेशात, म्हणजे ओळखू याव्यात म्हणून. मी मागच्या टेबलावर तोंड वाकडं करून बसले होते. व्हिडिओ झाला, टाळ्या झाल्या, मावशी वर गेली, काचेचं ते जड स्मृतिचिन्ह घेतलं, मधोमध उभी राहून फोटो काढला. मग माईकशी आली आणि आभार मानायला लागली.

इथे एक सांगायला हवं. मंडळाच्या कार्यक्रमांत आभारप्रदर्शन कायम तिच्याकडे असायचं, आणि ते सुरू झालं की पुरुषमंडळी दाराकडे बघायला लागायची. कारण न झालेल्या कामांचे ती आधीच आभार मानून टाकायची. कार्यक्रम संपल्यावर सगळ्या खुर्च्या उचलून ठेवणार असल्याबद्दल अमुककाकांचे आभार, भांडी घासणार असल्याबद्दल तमुकदादांचे आभार. टाळ्या वाजायच्या. काकांना तोवर खुर्च्यांचा पत्ताही नसायचा, पण चारचौघांत टाळ्या घेतल्यावर माणूस जातो कुठे? कोट काढून कामाला लागायचे बिचारे.

हॉटेलातल्या लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मावशीने तिच्या नागपुरी इंग्रजीत संस्थेचे आभार मानले, परीक्षकांचे मानले, पेशंटच्या घरच्यांचे मानले. मग म्हणाली, सगळ्यात मोठे आभार आमच्या डायरेक्टरसाहेबांचे. पेशंटसोबत जेवणं हे काम आहे, विश्रांती नव्हे, हे त्यांनी ओळखलं. म्हणून टेबलावरून उठल्यानंतर आमच्या असिस्टंट बायकांना त्यांची पूर्ण सुट्टी वेगळी मिळते. असं करायला मोठं मन लागतं. साहेब, जरा उभे राहा.

सगळा हॉल वळला. डायरेक्टर पहिल्यांदा अर्धवट उठले, पुन्हा बसायला लागले, पण टाळ्या थांबेनात तेव्हा पूर्ण उभे राहिले. त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. रोझा भिंतीशी उभी होती. ती आधी मावशीकडे बघत होती, मग डायरेक्टरांकडे. टाळ्या तिने वाजवल्या नाहीत, ओठ मात्र आवळून धरले होते, हसू येऊ नये म्हणून.

गाडीत मी म्हटलं, तू सरळ खोटं बोललीस. ती म्हणाली, खोटं काय त्यात, आभार मानले. आणि वर म्हणाली, ते लेखी करून घेणं तुमच्या संघटनेचं काम आहे, तेवढं तरी करा. आम्ही केलं. दुसऱ्या आठवड्यात सुट्टी परत आली. संस्थेच्या बातमीपत्रात ते वाक्य छापून आलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मी अजूनही मानते की नकार दिला असता तर तो जास्त स्वच्छ झाला असता. हे मी तिलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, स्वच्छ तर लाँड्रीपण असते.

हिवाळ्यात तिचं दुखणं निघालं, पोटाचं, आणि तेव्हा फार उशीर झालेला होता. अनिकेत बॉथेलहून आला. मी गेले तेव्हा तो पलंगाशेजारी उभा राहून तिला मुगाची पातळ खिचडी भरवत होता आणि ती तोंड फिरवत होती. मुलगा रडकुंडीला आलेला. “अनिकेत,” ती म्हणाली, “बस खाली. तुझं ताट आण.” त्याने ताट आणलं, बसला, खायला लागला. तीन-चार घास तिच्या पोटात गेले. पुढच्या दिवसांत तेही गेले नाहीत… पण तो ताट घेऊन बसत राहिला, असं त्याने मला नंतर इंग्रजीत सांगितलं.

ती रजेवर गेल्यापासून टेबल डळमळायला लागलं होतं. नवी इनचार्ज येईपर्यंत बायकांनी पूर्वीसारखं उभ्याने भरवावं, तेच सुटसुटीत, असं डायरेक्टरांनी कळवलं. सुट्टीला मात्र हात लावला नाही. म्हणजे रोझा जे मागत होती ते तिला आता अगदी जसंच्या तसं मिळालं होतं. मला वाटलं, चला, संपलं.

मावशी गेल्यानंतर आश्रमाने स्मृतिसभा ठेवली, तिच्याच मजल्यावर, जेवणघरात, दुपारी. भिंतीवर ते काचेचं स्मृतिचिन्ह, खाली तिचा मोठा फोटो, अर्थातच मधोमध. आणि खिडकीजवळच्या टेबलाची तिची खुर्ची मुद्दाम रिकामी सोडलेली, तिच्यावर पांढऱ्या फुलांचा गुच्छ. डायरेक्टर बोलत होते. उत्कृष्टता, सहवेदना, आणि ही खुर्ची आम्ही सदैव अशीच राखू, वगैरे. तेवढ्यात जेवणाच्या गाड्या आल्या, कारण भाषण चालू असलं तरी म्हाताऱ्या माणसांना भूक त्यांच्याच वेळेला लागते. बायका ताटं घेऊन टेबलांशी उभ्या राहिल्या. खिडकीजवळ वॉल्टर आजोबा होते, ओठ आवळलेले.

रोझाने इकडेतिकडे पाहिलं. दुसरी खुर्ची नव्हती, सगळ्या पाहुण्यांना दिलेल्या. तिने गुच्छ उचलला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला, मावशीच्या खुर्चीत बसली आणि स्वतःच्या ताटात बटाटे वाढून घेतले. डायरेक्टर वाक्याच्या मध्येच थांबले. तिला उठ मात्र म्हणाले नाहीत. मग दुसऱ्या टेबलावरच्या बाईने एका पाहुण्याच्या खांद्याला हात लावला आणि खुर्ची मागितली. पाहुणा उठला. मग आणखी एक उठला. मीही उठले, कारण माझ्यामागे एकजण ताट घेऊन केव्हाची ताटकळत होती. थोड्या वेळाने त्या खोलीत फक्त पाहुणे उभे होते. रोझाने एक घास खाल्ला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि आजोबांना सांगितलं की आज मीठ विसरलेत.

आजोबांनी मीठदाणी तिच्याकडे सरकवली.