लोकरबाईंच्या शेळ्या

लोकरबाई पहिल्या भेटीत कोणाचं नाव विचारत नसत. "तुझी आई काम करताना काय गुणगुणायची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. ग्रोनिंगनच्या वाचनालयात दर बुधवारी सकाळी आमच्यासारख्या नवख्यांना डच बोलायची सवय व्हावी म्हणून गप्पांचं टेबल असे. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर नुकतीच आलेली, घरात बसून भिंतींशी बोलून कंटाळलेली. बाकीचे स्वयंसेवक हवा, सायकल आणि चीज यांवर गाडी चालवत. या बाई थेट आईवर आल्या. मी म्हटलं, "काही नाही. आमच्याकडे रेडिओ होता." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि रेडिओ बिघडायचा तेव्हा?"

उत्तर आठवायला मला आठवडा लागला. भुसावळच्या आमच्या क्वार्टरमध्ये आई तांदूळ निवडताना भुलाबाईची गाणी पुटपुटायची, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली दारोदार म्हणतात ती. पुढच्या बुधवारी मी लाजत लाजत एक ओळ म्हटली. बाईंनी ती तीनदा म्हणून घेतली, मग स्वतः म्हणून दाखवली. इथल्या भाजीवाल्यासमोर फोनवरही मराठी बोलायला संकोचणारी मी, भर वाचनालयात एका गोऱ्या म्हातारीचं भुलाबाईचं गाणं दुरुस्त करत होते.

त्या मूळच्या नॉर्वेच्या, डोंगरातल्या एका दरीतल्या. डच नवऱ्यामागे इकडे आल्या, नवरा गेला तरी राहिल्या. त्यांच्या दरीतल्या बायका उन्हाळ्यात गुरं, शेळ्या घेऊन डोंगरावरच्या झोपड्यांत राहत, दूध काढत, चीज करत. त्या बायकांची गाणी, विणकाम, म्हणी, शिव्यासुद्धा बाईंनी आयुष्यभर गोळा केल्या, त्यावर पुस्तकं लिहिली. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात आईने विणलेलं लोकरी जाकीट, म्हणून मी त्यांना लोकरबाई म्हणू लागले. अर्थ सांगितला तेव्हा खूश झाल्या. म्हणाल्या, "मला मिळालेली ही पहिली पदवी, जिच्यासाठी भाषण करावं लागलं नाही."

त्या जाकिटाच्या कोपरांना ठिगळं होती, तीही मुद्दाम वेगळ्या रंगाची. लाल, पिवळं, एक चक्क गुलाबी. मी माझ्या शिवणकामाच्या दिमाखात म्हटलं, "जुळता धागा आणून देते, कळणारसुद्धा नाही." तेव्हा त्या रागावल्या. "कळायलाच पाहिजे! लाल माझ्या मोठ्या बहिणीने भरलंय. ते लपवलंस तर बहीण कुठे जाईल?" एका संग्रहालयाने ते जाकीट मागितलं होतं. बाईंनी उलट पत्र धाडलं, की मला थंडी वाजते.

विद्यापीठातली मुलं माइक घेऊन त्यांच्याकडे येत. बाई माइक बाजूला ठेवायला लावत आणि हाती लाटणं देत. बटाट्याची पातळ पोळी लाटता लाटता गाणं शिकायचं, तीनदा ऐकायचं, मग म्हणून दाखवायचं. "यंत्राने लक्षात ठेवलं, की माणूस विसरायला मोकळा," असं त्यांचं म्हणणं. मी माझं पोळपाट-लाटणं घेऊन गेले, तर माझी गोल पोळी उलटीपालटी करून म्हणाल्या, "फार सरळ बाई आहेस तू." स्तुती होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

आमच्यात खरी गट्टी जमली ती 'ळ'मुळे. त्यांच्या दरीत अगदी आपल्यासारखा ळ बोलतात. शाळेतल्या मास्तरांनी तो गावंढळ ठरवून बाईंच्या जिभेवरून घासून काढायचा प्रयत्न केला होता. नवऱ्याला तो जन्मात जमला नाही. मी फोनवर आईशी "केळी, जांभळं" असं काहीतरी बोलत होते, तेव्हा बाई हातातलं विणकाम टाकून उठल्याच. डोळ्यांत पाणी. "पुन्हा म्हण," म्हणाल्या. मी केळी, जांभळं, आवळा, कोहळा, सगळी मंडई म्हणून दाखवली.

इथल्या शाळेत जाऊ लागलेली माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देते, याची मी कधीतरी त्यांच्याजवळ तक्रार केली. मला वाटलं, त्या तिला दोन शब्द सुनावतील. त्यांनी मलाच धरलं. "तू विचारतेस काय तिला? जेवलीस का, दप्तर भरलंस का. एवढ्यासाठी कोण भाषा शिकेल?" मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी एकाही पुस्तकात लिहिली नव्हती. त्यांची आई संध्याकाळी शेळ्यांना हाक मारायची, त्या हाकेचंच एक लांबलचक गाणं होतं, त्यात एकेका शेळीचं नाव. दरीतल्या सगळ्या बायकांच्या हाका बाईंनी लिहून घेतल्या होत्या. आईची तेवढी राहिली. "ती मी विसरणारच नव्हते," त्या म्हणाल्या. "म्हणून लिहिली नाही."

त्यानंतर वर्षभरात त्या विसरू लागल्या. आधी किल्ल्या, मग बुधवार. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, हळुवारपणे निदान सांगितलं. बाईंनी ते ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "चल, शेळ्या शिकून घे." घरी गेलो. मी फोन काढून विचारलं, "एकदाच रेकॉर्ड करू?" त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन उशीखाली सारला. मी चोरून करू शकले असते. केलं नाही. तो माझा प्रामाणिकपणा होता की मूर्खपणा, यावर मी अजून स्वतःशी भांडते.

मी ते गाणं देवनागरीत लिहून काढलं, ळ जिथल्या तिथे. अर्थ एकाही शब्दाचा कळत नव्हता. पण पुढच्या खेपेला बाईंनी ते वेगळंच म्हटलं, एक शेळी गळाली, चाल वर जायची ती खाली आली. मी वहीतलं म्हणून दाखवलं तर चिडल्या, "चूक!" त्यापुढच्या खेपेला तेच ऐकून मान डोलावली. मग त्यांची डच भाषा गेली, मागोमाग इंग्रजी. उरली फक्त दरीतली बोली, आणि त्यांना जिथे हलवलं होतं त्या वृद्धाश्रमात ती समजणारं कोणीच नव्हतं. मी दुपारी जाऊन त्यांच्या हाताशी बसत असे आणि शेळ्या म्हणत असे. शेवटी शेवटी त्या फक्त माझ्या ओठांकडे बघत. चूक म्हणत नव्हत्या, बरोबरही म्हणत नव्हत्या. त्यांनी रागवावं म्हणून एकदा मी मुद्दाम चुकीचं गायले. त्या हसल्या. त्या दिवशी घरी येताना सायकल हातात धरून मी चालत आले, कारण डोळ्यांपुढचा रस्ता दिसत नव्हता.

ऑक्टोबरात त्या गेल्या. अंत्यविधीला पंधरा-वीस माणसं होती, नॉर्वेहून एकटी भाची आलेली, साठीची, शहरात वाढलेली. मी उभी राहून शेळ्यांची हाक गायले. आवाज मध्ये फाटला, तरी पूर्ण केली. नंतर कॉफी घेताना भाचीने माझे दोन्ही हात धरले. मी तिला घाईघाईने विचारलं, "बरोबर होतं ना? वरची चाल, शेवटचं नाव?" कितीतरी दिवस मी याच माणसाची वाट पाहत होते.

ती म्हणाली, "मला माहीत नाही. मी आज पहिल्यांदाच ऐकलं. मावशीने सगळं लिहून ठेवलं असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो."

या देशात मी नवी आले होते, तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

भाचीची गाडी संध्याकाळची होती. तोवर ती माझ्या स्वयंपाकघरात बसून ते गाणं शिकली. तिला ळ काढता येत नव्हता, जीभ कुठे लावायची ते मी तोंड उघडून दाखवलं. माझी मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. दर ओळ झाली की भाची थांबायची, माझ्याकडे बघून विचारायची, "आता बरोबर?"

आणि मी म्हणत होते, "हो. बरोबर."