तेराशे पन्नास सालचं नाणं

बाबा गेल्यावर त्यांच्या सामानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत परदेशी नाणी होती, चाळीसेक. बाबांनी नगरमध्ये आयुष्यभर रिक्षा चालवली. शहराबाहेरच्या एका समाधीच्या दर्शनाला परदेशी पाहुणे येत असतात, त्यांना स्टेशनवरून तिकडे नेण्याचं काम बाबांना बऱ्याचदा मिळायचं. जाताना कुणीतरी भाड्याबरोबर आठवण म्हणून आपल्या देशाचं एखादं नाणं त्यांच्या हातावर ठेवायचं. प्रत्येक नाण्याच्या मागे बाबांनी डिंकाने कागदाचा बारीक कपटा चिकटवला होता आणि त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं.

धाकटा भाऊ कोल्हारला गॅरेज चालवतो. तो म्हणाला, "ताई, ह्यातली थोडी मला दे. पोरीला दाखवीन."

"आधी कुठली काय आहेत ते बघू दे," मी म्हणाले, "मग वाटून घेऊ." तेव्हा माझ्या मनात खरंच काही नव्हतं.

डबा मी नगरमध्येच, सावेडीला माझ्या फ्लॅटवर आणला. मी शाळेत शिकवते, त्यामुळे अशा गोष्टी आपल्याला सहज कळतील असा माझा समज. एकावर 'हेल्वेशिया' लिहिलं होतं आणि खाली उभी बाई. मला वाटलं, ही कुठलीतरी राणी. दोन दिवसांनी मोबाईलवर कळलं की ते स्वित्झर्लंडचं नाव आहे. मजा यायला लागली. रोज शाळेतून आले की चहा घेऊन मी दोन-तीन नाण्यांची माहिती शोधायचे.

एका नाण्यावर तलवार घेतलेला सिंह होता, पाठीमागे उगवता सूर्य. अक्षरं उर्दूसारखी. ते मी शाळेत नेलं. आमच्याकडे उर्दू येणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"आकडा तेराशे पन्नास आहे. पण सन कुठला ते बघा हं, मॅडम."

त्यांचं दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही. तेराशे पन्नास! म्हणजे पावणेसातशे वर्षांपूर्वीचं नाणं. त्या संध्याकाळी मी जुनी नाणी लाखांत विकली गेल्याचे व्हिडिओ एकामागून एक बघितले. मोबाईल खाली ठेवला तेव्हा मी बदललेली होते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आठवड्याने भावाचा फोन आला. "ताई, डबा बघितला का गं?"

"अरे, सामान लावताना कुठे गेला कळत नाही," मी म्हणाले. डबा समोर टेबलावर उघडा होता.

"असू दे. लई काय न्हाई, पोरगी इचारत हुती." त्याने माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

विकायची तर नाणी चकचकीत हवीत, असं मीच ठरवलं. चिंचेच्या कोळात सगळी भिजत घातली. त्याआधी दोन कपट्यांवरचं मी वाचलंही होतं. एकावर 'चष्मेवाली आजी', दुसऱ्यावर 'पाऊस, पूल बंद'. वाचून तीही कोळात टाकली. कपटे सुटून वर आले, ते मी सिंकच्या जाळीतून उचलून कचऱ्यात टाकले. मग तारेच्या घासणीने एकेक नाणं घासलं. उन्हात वाळत ठेवली तेव्हा ती नव्यासारखी दिसत होती.

कापड बाजाराजवळ एक निवृत्त गृहस्थ जुनी नाणी जमवतात असं कळलं होतं. मी सिंहाचं नाणं रुमालात बांधून नेलं. त्यांनी भिंगातून बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "हे घासलं कुणी?"

"मी. स्वच्छ केलं."

"नाणं कधी घासू नये, बाई. संग्रह करणारा असल्या नाण्याला हात लावत नाही." ते मग सावकाश समजावून सांगू लागले. नाणं इराणचं. तिकडचा सन वेगळा. तेराशे पन्नासमध्ये सहाशे एकवीस मिळवायचे. "म्हणजे एकोणीसशे एकाहत्तर. भरपूर मिळतात. चांगलं असतं तर पन्नास-शंभर रुपये."

त्यांनी ते उलटं केलं. "इथे डिंकाचा डाग आहे. काही चिकटवलेलं होतं का? कुणी दिलं, कधी दिलं, असं लिहून ठेवलेलं असलं तर जपा. खरी किंमत त्याची असते."

मी "नाही" म्हणाले. एकाच डब्यापायी हे माझं दुसरं खोटं.

पुढच्या रविवारी एसटीने कोल्हारला गेले. भाऊ गॅरेजमध्ये होता. हात पुसत बाहेर आला. मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. फोनवरचं खोटं, तेराशे पन्नास, चिंच, कपटे. सांगताना त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून समोरच्या मोटरसायकलच्या चाकाकडे बघून सांगितलं.

त्याने डबा जवळ ओढला. मग म्हणाला, "मला वाटलंच हुतं ताई. तुझ्या हातनं वस्तू हरवत न्हाई."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नाणी स्टुलावर पसरली. एक उचललं. "ही चष्मेवाली आजी. चष्मा रिक्षात इसरली. बाबा परत गेले द्यायला, तर तिनं त्यांचा हात धरून रडून घेतलं." दुसरं उचललं, मग खाली ठेवलं. "ह्यो पुलाचा पाव्हणा असंल. का न्हाई? घासल्यावर सगळी सारखीच दिसाय लागलीत."

"तुला हे सगळं बाबांनी कधी सांगितलं?"

"मी यायचो की दर महिन्याला. त्ये डबा काढून बसायचे." त्यात टोमणा नव्हता. पण मी बाबांपासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहत होते, आणि तो डबा मी त्यांच्या हयातीत एकदाही उघडलेला बघितला नव्हता.

त्याला पाच नाण्यांचं आठवलं. मी त्याच्याच वहीच्या पानावर ते लिहून घेतलं. बाकीची पस्तीसेक कुणी दिली, ते आता कुणालाच कळणार नाही. भावजय जेवायला थांबा म्हणाली. थांबले. त्याची पोरगी एक नाणं घेऊन आली आणि विचारू लागली, "आत्या, हे कुणी दिलं हुतं आजोबांना?"

मी म्हणाले, "माहीत नाही गं." या वेळी ते खरं होतं.