तीन बोटांची परीक्षा

सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन तोंड उघडेनासं होतं, हे लोकांना घरच्या घरी कळावं म्हणून मी आमच्या व्यसनमुक्ती मंडळाच्या पत्रकात लिहिलं होतं: तीन बोटं उभी करून तोंडात घाला, जात नसतील तर दवाखाना गाठा. खाली आणखी एक ओळ होती. पंधरा दिवसांत न भरणारी जखम लगेच दाखवा. ती मीच काढली. त्या जागी मला खर्रा विकणाऱ्यांना झोडपणारी घोषणा हवी होती. घोषणा झकास होती. सभेत टाळ्या पडल्या.

रोहण्याला माझा मामा भाजीपाला पिकवतो. त्यानं ते पत्रक गोठ्याच्या दाराला चिकटवलं. सकाळी दात घासून झाले की तीन बोटं तोंडात. "गेली!" म्हणायचा आणि खर्ऱ्याची पन्नी काढायचा. पाहुण्यांनाही परीक्षा द्यायला लावायचा. एकदा व्याह्यांची दोनच बोटं जेमतेम गेली.

"इवाई, तुमी चालले. आमी हाओत अजून."

सगळे हसले. मीही हसले.

जिभेच्या कडेला जखम होती त्याला. चार महिने. मामी मागं लागली की म्हणायचा, "दात लागते. तीन बोटं जाऊन राह्यली ना? मंग!" जबड्याखाली गाठ आली तेव्हा कुठं मामीनं मला फोन केला.

दवाखान्यात मामानं न विचारता तीन बोटं घालून दाखवली. डॉक्टरीणबाई तोपर्यंत त्याची मान चाचपत होत्या. "तोंड उघडतं काका, चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या.

जखमेचा तुकडा तपासला, स्कॅन झाला. मग त्यांनी मामीला आणि मला बाहेर घेतलं. "जखम जिभेपुरती होती तेव्हा आले असते तर मी वेगळं बोलले असते. आता गाठ मानेत उतरलीय, आणि तिनं आवरण फोडलेलं दिसतंय. ऑपरेशन करू, नंतर रेडिएशन, म्हणजे लाईट, देऊ. पण आजार उलटायची भीती आहे."

"किती दिवस?" मामीनं विचारलं.

"दिवस सांगणारा खोटं बोलतो, काकू. अशा पुष्कळ पेशंटांचं मिळून काय होतं ते मला माहीत आहे. त्यात काका कुठं बसतील, ते नाही."

मामीनं डोळे पुसले आणि हुकूम सोडला. "त्याईले काई सांगू नोका. साधी गाठ हाये म्हणाचं." भेटायला आलेल्या सगळ्या नातेवाइकांनी माना डोलावल्या. आपल्याकडे हीच रीत. ज्याचं मरण, तो सोडून साऱ्या गावाला ठाऊक! भाषणात मी या रीतीवर तुटून पडते. त्या दिवशी मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मामानं मला एकटीला गाठलं. "पोरी, सारे मायासंग गोड बोलून राह्यले. तू सांग."

मी सांगितलं. जखम लवकर दाखवली असती तर, हेही सांगितलं.

"मंग कागदात काऊन नाई लिहिलं जखमेचं?"

"लिहिलं होतं, मामा. मीच काढलं."

 त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टरीणबाईले बोलाव," तो म्हणाला. "मामीले बाहेर बसव."

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

अर्धी जीभ गेली. लाईटही झाली. आता तो बोलतो ते मामीलाच कळतं, आणि मामी माझ्याशी बोलत नाही. आशेवर दोन घास खात होता माणूस, तेही मी काढून घेतले, असं तिचं म्हणणं. परवा गेले तेव्हा मामा वाफ्यात मेथीचं बी फेकत होता. वांग्याची रोपं का नाही आणली, मी विचारलं. वांग्याला महिने लागतात. मेथी महिन्याभरात निघते.

त्यानं बोट वर केलं. एकच.

मामी बांधावरून इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "पाह्य. म्हयन्याच्या पुढचं पेरतच नाई आता. हे तुनं केलं."