साडूंचा पिवळा मासा

पाहुण्यांपेक्षा माशाची बडदास्त जास्त ठेवणारं घर अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि ते अकोल्यातल्या आमच्या थोरल्या साडूंचं. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीला पाणी लागायचं तेही खारट. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिवाणखान्यात काचेची टाकी मांडली, ती मात्र समुद्रात राहणाऱ्या माशासाठी. आत प्रवाळाचं एक झुडूप आणि त्यात एकच गोबी मासा, अंगठ्याच्या नखाएवढा, हळदीसारखा पिवळा. "सारी जिंदगी गोड पाण्यासाठी धावलो," माझी मेहुणी म्हणायची, "अन आता हे पाण्यात मीठ कालवून राहिले."

मी अमरावतीहून गेलो की चहाआधी टाकीसमोर बसायचं, आणि मासा दिसेपर्यंत बोलायचं नाही. तो पोहायचा कमी, पोटाखालच्या परांनी फांदीला चिकटून बसायचा जास्त. "हा फिरत कावून नाही?" मी एकदा विचारलं. "त्याचं सारं जग त्या झुडपात हाय," साडू म्हणाले, "जाईन कुठं?" पातूरहून साडूंच्या पुतणीच्या सोयरिकीची बोलणी करायला आलेली मंडळी तर बोलणी न होता, नुसता मासा पाहून परत गेली. सोयरीक पुढे फोनवर जमली.

मे महिन्यात घरातला एकुलता कूलर टाकीकडे तोंड करून असे. एका दुपारी वीज गेली आणि पाणी तापू लागलं. मासा फांदी सोडून तळाशी पडला. साडूंनी शेजारून बर्फ आणून पिशव्यांत बांधून टाकीत सोडला, पण पाण्यात हवा खेळवणारा पंप बंद होता. तेव्हा मेहुणीच मगानं पाणी उचलून वरून सोडत बसली. "तुमी बसा," एवढंच म्हणाली. संध्याकाळी वीज आली, मासा फांदीवर चढला, आणि ती पोळ्या करायला उठली.

हिवाळ्यात मासा म्हातारा होऊन गेला. साडू बोलेनासे झाले, म्हणून आम्ही दोन्ही जोडपी अंदमानला गेलो. होडीच्या काचेच्या तळातून प्रवाळाची बनंच्या बनं दिसत होती. साडू गुडघे टेकून तसाच पिवळा मासा शोधत होते.

"दिसला का?" मेहुणीनं विचारलं.

"नाही. एवढ्या बनांत कुठं दिसते तो." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "आपण त्याले एकच झुडूप देलं होतं वं."

मेहुणीही त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. होडी किनाऱ्याला लागली, मी आणि बायको उतरलो, तरी ती दोघं काचेतून खाली पाहत होती.